आधी बालगंधर्व की आधी वसंतराव? एका पेटीवाल्याचा कौल

आमच्या सोलापूरच्या भजनी मंडळात बारा माणसं. गड्ड्याची यात्रा उरकली की एखादा रविवार आम्ही टाळ-पेटी बाजूला ठेवून नुसतं बसतो, हुरडा खातो, गप्पा हाणतो. यंदा कुणीतरी टूम काढली की गायकाच्या आयुष्यावरचा एखादा मराठी सिनेमा सगळ्यांनी मिळून बघू. भाच्याकडे प्रोजेक्टर होता, बाळीवेशीतल्या एका वाड्याची माडी मोकळी होती. पडद्यासाठी कोरी पांढरी चादर तेवढी मिळेना. चादरीच्या गावात घरोघर हिंडलो, पण कुणाकडे मोर, कुणाकडे हत्ती, कुणाकडे गडद चौकडा. शेवटी बुवांची दोन धोतरं आडवी जोडून मधोमध टाके घातले आणि पडदा झाला. त्या शिवणीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

सिनेमा निवडायचं काम माझ्यावर आलं. मी पेटी वाजवतो आणि पेटीवाल्याला गाण्यातलं कळतं, असा बुवांचा जुना गैरसमज आहे. पोटापाण्यासाठी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब लिहितो, हेही आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा कल एकीकडे झुकलेला दिसेल आणि त्यात या नोकरीचा थोडा हात आहे.

यादी लांबवली नाही. 'महाराष्ट्र शाहीर' मी लगेच बाजूला ठेवला. सिनेमा वाईट म्हणून नव्हे. शाहीर साबळ्यांचं आयुष्य म्हणजे डफ, लोकधारा आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. ती वेगळी बैठक आहे आणि तिला वेगळा रविवार हवा. उरले दोन. रवी जाधव यांचा २०११ चा 'बालगंधर्व' आणि निपुण धर्माधिकारी यांचा २०२२ चा 'मी वसंतराव'. दोन्ही मी आधी थिएटरात पाहिले होते. निवडीसाठी घरी पुन्हा पाहिले, एक शनिवारी रात्री, दुसरा लगोलग रविवारी. तुमच्याकडेही एकच संध्याकाळ असेल आणि या दोघांत अडला असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. बालगंधर्व म्हणजे संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणारे गायक-नट आणि वसंतराव म्हणजे शास्त्रीय व नाट्यसंगीत गाणारे वसंतराव देशपांडे; याहून जास्त तुम्हाला सांगत बसत नाही.

'बालगंधर्व' बघायचा तर डोळे भरून बघायचा सिनेमा आहे. वेशभूषा आणि रंगभूषा या दोन्हींचे राष्ट्रीय पुरस्कार त्या वर्षी या सिनेमाच्या वाट्याला आले, नीता लुल्ला आणि विक्रम गायकवाड यांना. ते कशासाठी, हे सोलापूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे लग्नात माणसं आधी नवरीच्या शालूचा पदर दोन बोटांत धरून बघतात, मग नवरीकडे. माझी आई सिनेमाभर काठ, बुट्टे आणि जर यांवरच बोलत होती. मध्येच म्हणाली, "पुरुषाला एवढं नेटकं नेसता येतं, आणि तुझ्या बहिणीला अजून निऱ्या घालता येत नाहीत." सुबोध भावे यांनी तो पदर सावरण्यात, मान कलती करून बघण्यात जे केलंय, त्याला तोड नाही. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पुरुष रंगभूमीवर आला की घरंदाज बायका त्याची नेसण्याची ढब उचलायच्या, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. हा सिनेमा पाहताना ते पटतं.

आणि 'मानापमान'ची ती रात्र. १२ मार्च १९११. पहिला प्रयोग, घरात लेकीचा मृत्यू, आणि तरीही नारायणराव नाटकाची नायिका भामिनी होऊन उभे राहिले. गोष्ट पाठ आहे, तरी प्रत्येक वेळी घशात आवंढा येतो. मला त्या नाटकाचा आणखी एक अभिमान आहे, जो बाकीच्यांना सहसा नसतो: 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे मुळात पेटीवाले. आमच्या जमातीतल्या माणसाने मराठी रंगभूमीचं कानावरचं वळण बदललं. हा विषय निघाला की तबलजी उठून तंबाखू मळायला बाहेर जातो.

तक्रारी किरकोळ आहेत. दोन तासांत जवळजवळ ऐंशी वर्षांचं आयुष्य बसवायचं म्हणजे पळापळ आली. हिशेबनीस म्हणून मला नाटक मंडळीच्या कर्जाची हकिगत जरा सावकाश हवी होती. अत्तरावर आणि पडद्यांवर पाण्यासारखा पैसा जाताना दिसतो, पण माझ्यासारख्याला खतावणीचं एखादं पान तरी दाखवायला हवं होतं. गंधर्वांच्या पुढच्या आयुष्यातल्या जोडीदार, गायिका गोहरबाईंचा भागही मला घाईत उरकल्यासारखा वाटला. त्या कर्नाटकातल्या, म्हणजे सोलापूरच्या दृष्टीने शेजारच्याच. आमच्याकडे अर्धं गाव घरात कानडी बोलतं, त्यामुळे त्यांच्याविषयी उत्सुकता जास्त. पण हे माझे हट्ट झाले. एवढ्यावरून मी निवड केली नसती.

निवड केली ती एका बारीकशा कटकटीवरून. ती तुम्हाला जाणवेलच असं नाही, खरं तर जाणवू नये अशीच माझी इच्छा आहे.

साथीला बसणारा पेटीवाला गाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, गळ्याकडे बघतो. बुवा पुढे काय करणार ते तोंडावर दिसत नसतं. श्वास घेताना खांदा सुपारीएवढा वर जातो, गळ्याची घाटी खाली उतरते, मानेची एक शीर ताठ होते. त्यावरून कळतं की आता लांबचा पल्ला आहे, इथे थांबणार नाही, डावा हात भात्यावर चालू ठेव. पंचवीस वर्षं हेच केल्यावर सवय अंगात मुरते. मी सिनेमातलं गाणं बघायला बसलो तरी माझा डावा हात मांडीवर भाता मारत असतो. थिएटरात शेजारचा एकदा म्हणाला, "काका, पाय दुखतोय का?"

'बालगंधर्व'मध्ये अभिनय सुबोध भाव्यांचा आणि गळा आनंद भाट्यांचा. भाटे म्हणजे लहानपणापासून 'आनंद गंधर्व' म्हणून नावाजलेला माणूस, पुढे भीमसेनजींचा शिष्य. या सिनेमातल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो सोळा आणे योग्य होता. त्या आवाजात गंधर्वांची लाडिक आर्जवं आहेत, शब्द हलकेच ठेवण्याची रीत आहे. नुसती नक्कल केलीय असं कुठेच वाटत नाही. भाव्यांचे ओठही चुकत नाहीत. मग अडतं कुठे? श्वासात. आवाज लांब पल्ल्यावर निघालेला असतो आणि पडद्यावरचा खांदा शांत असतो. आवाज थकून टेकतो तेव्हा गळ्याची घाटी जागची हललेली नसते, आणि हलली असली तरी ती तन्मणी-ठुशीखाली झाकलेली. माझा डावा हात तिथे थांबतो. दर पदाला थांबतो. समोर एवढं सुंदर काही चाललेलं असताना मी मांडीवरच्या हाताकडे बघत बसतो, आणि हात चालू होईपर्यंत पद संपलेलं असतं.

एकदा वाटलं, आपलं वय झालं, उगाच खोड काढतोय. मग एक ताळा करून बघितला. २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली' या सिनेमात खाँसाहेब झालेत सचिन पिळगावकर, आणि त्यांच्या तोंडी आवाज आहे राहुल देशपांड्यांचा. तोच आवाज 'मी वसंतराव'मध्ये राहुल देशपांड्यांच्याच तोंडी आहे. एकच गळा, दोन चेहरे. यापेक्षा चांगली चाचणी मला घरबसल्या मिळाली नसती. दोन्हींतली दोन-दोन गाणी पाठोपाठ लावली. पिळगावकरांपाशी हात अडखळला. काम त्यांनी झकास केलंय, तरी अडखळला. राहुल देशपांड्यांपाशी चालत राहिला. याला काही शास्त्र म्हणता येणार नाही, एका मांडीवरचा एक हात आहे. पण माझ्यापुरता ताळा जुळला.

तबलजीला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "काय बे, दाढी केलेल्या बाप्याला तू बाई मानतोस, आणि उसना गळा तेवढा तुला चालत नाही होय?"

यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, आजही नाही. गंधर्वांची सगळी कलाच 'नसलेलं आहे' असं वाटायला लावण्याची होती. तेव्हा त्यांच्यावरच्या सिनेमात एकाचा देह आणि दुसऱ्याचा आवाज असणं हे एका अर्थी विषयाला धरूनच आहे. मी तबलजीला एवढंच म्हटलं की गंधर्व सोंग घ्यायचे ते रूपाचं. गाताना दम त्यांचा स्वतःचाच लागायचा. तो म्हणाला, "बरं." पटलं नसलं की तो असंच म्हणतो.

आता वसंतराव.

हा सिनेमा मोठा आहे, तीन तासांच्या घरात जातो. पहिल्यांदा पाहिला तो २०२२ च्या एप्रिलमध्ये, बाहेर सोलापूरचं ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं, त्यामुळे तीन तास थंडगार अंधार मिळाल्याचा आनंदही त्यात मिसळला असेल. तेवढे गुण वजा करा. घरी पाहताना लांबी जाणवली. मोठमोठी माणसं पाहुण्यासारखी येतात आणि जातात. पुष्कराज चिरपुटकरचे पु. ल. आले की खोली उजळते, अमेय वाघचे मास्टर दीनानाथ तर डोळ्यांत भरतात, पण काही काही ठिकाणी 'आता कोण येणार' अशी वाट पाहण्यात गोष्ट सैल पडते. शिवाय आजोबांवरच्या सिनेमात नातूच आजोबा झालाय. प्रेम जरा जास्तच असणार. वसंतराव १९८३ मध्ये गेले तेव्हा राहुल देशपांडे चार वर्षांचेही नव्हते, म्हणजे त्यांनाही आजोबा बहुतेक रेकॉर्डवरूनच भेटलेले, तुमच्या-माझ्यासारखे. ते ध्यानात ठेवून पाहिलं की भक्तिभाव खटकत नाही.

मला धरून ठेवलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे कारकुनी. हा माणूस पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं हिशेब लिहीत होता. मास्टर दीनानाथांचं गाणं कानात, लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडून घेतलेला मारवा राग गळ्यात, आणि समोर टेबलावर जमाखर्च. गंधर्वांची पडझड राजाची आहे. राजवाडा पडताना आपण रस्त्यावरून बघतो आणि हळहळतो. वसंतरावांची घुसमट दहा ते पाचची आहे, डबा आणि रजेचा अर्ज असलेली. ती मला माझ्या खुर्चीत बसून कळते. नातू मुळात सनदी लेखापाल झाला आणि मग गाण्यात आला, हे आठवलं की आमच्या धंद्यालाच काहीतरी शाप किंवा वरदान असावं असं वाटतं. अनिता दाते यांनी केलेली आईही विसरता येत नाही. नवऱ्याचं घर सोडून नागपुरात एकटीने पोर वाढवणारी बाई, आणि त्या पोराच्या गाण्यापायी तिने काय काय सोसलं, हे गाण्याइतक्याच निगुतीने दाखवलंय.

दुसरी गोष्ट तीच, श्वास. गाणं आधी रेकॉर्ड केलेलं असलं तरी ज्याचा दम त्याचीच छाती. राहुल देशपांडे तान घ्यायच्या आधी हनुवटी किंचित आत घेतात, मग ती कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो, कारण वसंतरावांच्या गाण्यातच तो नेम नव्हता. सरळ चाललेली गाडी अचानक बोळात शिरावी आणि तिसऱ्याच चौकात समेवर बाहेर यावी, तशी ती तान. अशा गाण्याला साथ करणं म्हणजे पेटीवाल्याची परीक्षा. मारव्यात तर पेटीची लाजच जाते: पंचम वर्ज्य, षड्जावर टेकायची सोय नाही, आणि कोमल रिषभ आपल्या पट्टीवर जिथे आहे तिथे गळ्याला तो नको असतो. तरीही घरी पाहताना माझा हात मांडीवर चालत राहिला. चुकला, मागे पडला, पण थांबला नाही. त्यांचा श्वास दिसत होता. या सिनेमासाठी त्यांनाही पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पार्श्वगायन हा शब्द इथे गंमतीचा वाटतो, कारण गाणारा पाठीमागे नाहीच, ढळढळीत समोर बसलाय. ध्वनिआरेखनासाठी अनमोल भाव्यांनाही पुरस्कार मिळाला, आणि तो तुम्हाला टीव्हीच्या पोटातल्या स्पीकरवर ऐकू येणार नाही. निदान एक बरा स्पीकर बाहेरून जोडा. एवढं मात्र मी ठासून सांगेन.

तर मग कोणता? घरात आई, सासूबाई, आत्या अशी मंडळी असतील, नाट्यपदं ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहेत, तर 'बालगंधर्व' लावा आणि मागे बसा. पदराच्या चर्चेतच संध्याकाळ सोन्याची होईल. लहान पोरं असतील तरीही तोच. तो दोन तासांत आटपतो. गाणं शिकणारं कुणी असेल, किंवा नोकरी करून काहीतरी वाजवणारं, लिहिणारं, नाटकात जाणारं (आमच्या हुतात्मा स्मृती मंदिरात तालमीला येणारे निम्मे याच वर्गातले), तर मला वाटतं 'मी वसंतराव' आधी पाहावा. दोन्ही पाहणार असाल तर क्रम कालानुसार ठेवा असं कुणी म्हणेल. मी उलट ठेवेन. वसंतरावांपाशी गाणारा माणूस कसा श्वास घेतो ते एकदा नीट पाहून घ्या. मग गंधर्वांकडे गेलात की आनंद भाट्यांच्या आवाजाकडे जास्त लक्ष जातं. अर्थात हे माझं मत, आणि मी पेटीवाला आहे. तुम्हाला गळ्याकडे बघायची खोड नसेल तर वरची अर्धी हकिगत सोडून दिली तरी चालेल.

मंडळासाठी मी 'मी वसंतराव' ठरवला. बुवा तीन तास ऐकून म्हणाले, "हरिपाठाचं काय?" हरिपाठ पुढे ढकलला, हे आमच्याकडे सहसा होत नाही.

दिवस ठरला, धोतराचा पडदा टांगला. हुरडा संपल्यावर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आली. कडक भाकरी हा सिनेमा बघताना खायचा पदार्थ नाही, हे त्या दिवशी कळलं. बारा जबडे चालू झाले की तंबोरा ऐकू येत नाही. पहिलं मोठं गाणं आल्यावर मी सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि पुढे सरकून बसलो, गळा दिसावा म्हणून. आणि ती शिवण! दोन धोतरांच्या मधला आडवा टाका, वर दोन बोटं काठ, नेमका पडद्याच्या मध्यावर. राहुल देशपांडे जवळून दाखवले की हनुवटी वरच्या धोतरात, छाती खालच्या धोतरात, आणि ज्या गळ्यासाठी मी आठवडाभर एवढं रामायण केलं तो सगळाच्या सगळा काठाच्या घडीत. वर-खाली सरकवून पाहिलं, प्रोजेक्टरखाली दोन गाथा ठेवून पाहिल्या. मग डोकं कापलं जायला लागलं. तसाच पाहिला.

तबलजी शेजारीच होता. त्याने मांडीवर धरलेला ठेका तीन तास सोडला नाही. मध्यंतरात चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाला, "तुझा गळा तर काठात गेला. मग बालगंधर्व लावला असता तर काय बिघडलं असतं बे?"

पुढच्या वर्षीसाठी मी त्याला होकार देऊन बसलोय. तेवढं कुणाकडे बिनशिवणीची, बिनमोराची पांढरी चादर असेल तर बाळीवेशीत कळवा.